स्वातीला अजून कळलं नाही

रस्त्यावरच्या दिव्याला गोणपाट घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. गोणपाट तांदळाचं, दिवा सरकारी आणि बाई सत्तरीला टेकलेली. संध्याकाळ झाली की लांब बांबूच्या टोकाला आकडा लावून ती ते गोणपाट दिव्यावर चढवायची आणि सकाळी उतरवून, झटकून, घडी घालून ठेवायची. दिवाबत्तीवाले येऊन समजावून गेले, दटावून गेले, एकदा गोणपाट उचलूनही घेऊन गेले. तिनं दुसरं काढलं. "माज्या खल्यात उजेड नको. ज्याला पायजे त्यानं आपल्या दारात लावावा," असं म्हणून ती त्यांना पाणी विचारायची. पाणी पिऊन ते निघून जायचे.

ही माझी घरमालकीण. कामोठ्यात सेक्टरांच्या मधोमध जे जुनं गाव अजून शिल्लक आहे, तिथं तिचं दुमजली घर होतं. खाली ती, मुलगा, सून आणि नातू. वर भाडेकरू, त्यातली एक मी. सगळं गाव तिला बय म्हणायचं. तिचा मुलगाही बयच म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले.

मी नवऱ्याचं घर सोडून इकडे आले होते आणि एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. खोली शोधायला निघाले तर खांदा कॉलनीपासून कामोठ्यापर्यंत एकच प्रश्न: "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. बयनं मात्र मिस्टरांचं नावही काढलं नाही. तिनं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "रातचा बाहेरचा बल्ब लावतेस?"

"नाही."

"मंग ये."

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईनं माझ्यासमोर तिला खोदून विचारलं, हिचा नवरा कुठं असतो म्हणून. बय वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा हाय ना घरात? मंग त्याच्याकडं बग." त्या दिवसापासून मी तिच्यावर जीव टाकला. एकदा तिला तसं सांगितलंही होतं. त्यावर ती म्हणाली, "बरा, मंग भाकर खा."

आता खळ्याचं सांगते, कारण सगळं भांडण त्या खळ्याचं आहे. बयच्या घराला लागून मोकळी जागा होती. पूर्वी तिथं भाताची मळणी व्हायची. शेतं केव्हाच गेली. नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या, खाचरांवर डंपरांनी मातीचा भराव टाकला, मोबदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागेचे प्लॉट मिळाले आणि त्या प्लॉटांवर आता लोकांचे फ्लॅट आहेत. बयच्या हातात राहिलं ते एवढं खळं. मळायला मूठभर भात नव्हता, तरी ती दर पंधरवड्याला ते शेणानं सारवायची. शेण कुठून आणायची देव जाणे. कामोठ्यात गाय शोधण्यापेक्षा पार्किंग शोधणं सोपं. खळ्याच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या. एका बिल्डरला हे खळं आणि घर मिळून टॉवर बांधायचा होता. मुलगा राजी होता. बय नव्हती, आणि जागा तिच्या नावावर होती.

एवढं सगळं असून ती रडकी मुळीच नव्हती. ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीच्या आणि लग्नाच्या वेळी जी बाई धवले म्हणते, देवांना आणि पूर्वजांना नावं घेऊन मांडवात बोलावते, ती धवलारीण. ती गायल्याशिवाय नवऱ्याला पहिली हळद लागत नाही. आता हळदीला डीजे असतो, ट्रकभर स्पीकर असतात. पण बय आली की तो बंद करावा लागायचा. एकदा पळस्प्याकडच्या एका हळदीत डीजेवाल्यानं नुसता आवाज कमी केला. बय पाटावरून उठली आणि चपला घालून चालायला लागली. यजमानांनी रस्त्यात गाठून, पाया पडून परत आणली.

तर अशा बाईला मी प्रकाशाचा वेग सांगितला.

सांगायला गेले नव्हते. क्लासच्या चार मुलींना शंका होत्या, वर खोलीत उकडत होतं, म्हणून खळ्यात चटई टाकून बसलो होतो. संध्याकाळ झाली होती. पूर्वेला एक तांबूस तारा इमारतींच्या वर आला होता. मी म्हटलं, ही स्वाती. तुम्ही आत्ता जो उजेड बघताय तो तिथून सदतीस वर्षांपूर्वी निघालाय.

ओट्यावरून आवाज आला, "काय खोटा शिकवतेस गो पोरींना?"

मी समजावलं. प्रकाशालाही चालायला वेळ लागतो. चंद्रावरून इथं यायला सेकंदाहून थोडा जास्त. सूर्यावरून आठ मिनिटं. स्वातीवरून सदतीस वर्षं.

"मंग ती आता हाय का नाय?"

"असेल. पण आपल्याला दिसते ती सदतीस वर्षांपूर्वीची."

मुली गेल्या, मी वर जाऊन भात लावला. तेवढ्यात खालून हाक आली, "मास्तरणी! खाली ये."

खाली गेले. बय खळ्याच्या मधोमध उभी होती, तोंड वर करून.

"आन तिकडनं कोनी इकडं बगितला तर?"

"तिकडे कोणी नाही, बय."

"तुना काय ठाव? तू जाऊन आलीस?"

मी फिजिक्सवाली. नाही गेले, हे कबूल करावं लागलं. "असलं कोणी, तर त्यालाही सदतीस वर्षांपूर्वीचंच दिसणार. आपला उजेड तिकडं पोचायला तेवढाच वेळ."

"म्हंजे भराव पडायच्या आदीचा."

"भराव कधी पडला?"

"पस्तीस वर्सां झाली शिमग्याला." तिनं माझा दंड घट्ट धरला. "म्हंजे त्याना माजा शेत दिसतंय."

मी सांगून पाहिलं की एवढ्या लांबून शेत दिसायला दुर्बीण केवढी लागेल, आणि मधे ढग असतात, आणि पृथ्वी फिरते. बय म्हणाली, "त्यांची दुर्बीन मोठी असंल. तू कनाला काळजी करतेस?" आणि मग ती हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले आणि समोरच्या आठ मजली इमारतीकडं हात करून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बांधा! बांधा कितीपन! तिकडं अजून भातच हाय!"

त्यानंतर बयच्या बोलण्यात स्वाती आली ती कायमची. गावात कुणी म्हणालं की जमिनी गेल्या, संपलं ते आता, की ही म्हणायची, "स्वातीला इचार." साठीच्या बाईनं वयाची तक्रार केली की, "स्वातीला तू अजून तेवीस वर्सांची दिसतंस, नट जरा." सूर्याशी मात्र तिचं वाकडं. "त्याला काय सांगू नुको. आठ मिनिटांत त्याला कलतंय, आन तो गावभर करतंय." चंद्र तर तिच्या लेखी शेजारीणच होता, भिंतीला कान लावून बसलेली.

माझ्या घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी मी कोर्टातून येऊन जिन्यातच बसले होते. हरल्यासारखं वाटत होतं, जिंकूनसुद्धा. बय शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सूर्याला कलला असंल आतापतूर. बाकी कोनाला नाय. सावकाश रड." मी रडले आणि बरं वाटलं.

तिच्या मुलाला हे सगळं मुळीच आवडत नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? पनवेलला त्याचं हार्डवेअरचं दुकान, दिवसभर बिल्डरांत ऊठबस, आणि आपलं घर तेवढं जुनं राहिलं याची त्याला लाज वाटायची. जिन्यात गाठून मला म्हणायचा, "मॅडम, सायन्स ठीक आहे, पण बयच्या डोक्यात कशाला भरवता? ती आता बिल्डरला काय बोलली माहितीय? 'आदी स्वातीवरनं ना-हरकत आना.'"

मी म्हटलं, "मी प्रकाशाचा वेग शिकवला. बिल्डर सिलॅबसमध्ये नव्हता."

पुढं दोन वर्षं गेली आणि शिमगा आला. त्या दिवशी खाली चूल पेटली नाही. सून वर येऊन म्हणाली, बय जेवत नाही, बोलत नाही, ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसलीय. मी खाली गेले. शेजारी टेकले तेव्हा कुठं ती हळू आवाजात म्हणाली, "आज तिकडं डंपर दिसला."

मला आधी समजलंच नाही. मग बोटांवर हिशेब केला. सदतीस वर्षं भरली होती. भराव टाकणारा पहिला डंपर तिच्या बांधावर आला, ते दृश्य घेऊन निघालेला उजेड आज स्वातीला पोचला होता. मी हे गणित गंमत म्हणून सांगितलं होतं. तिनं दोन वर्षं शेत राखल्यासारखी त्या ताऱ्याची राखण केली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारावर थाप पडली. बय. अंघोळ झालेली, हातात बांबू.

"पुडचा सांग."

"काय पुढचा?"

"तारा गो! स्वाती गेली तर गेली. तिच्या पल्याड कोन हाय?"

मी डोळे चोळत म्हटलं, "ब्रह्महृदय. त्रेचाळीस वर्षं."

"म्हंजे अजून सा वर्सां शेत हाय. आन त्याच्या पल्याड?"

"रोहिणी. पासष्ट."

"तवा मी परकरातली. तवा खाडीपतूर आमचाच." तिचा चेहरा उजळत चालला होता. "आन त्याच्या पल्याड?"

"चित्रा, अडीचशे. ज्येष्ठा, साडेपाचशे."

"बास. पुरं झाला माज्या नातवाच्या नातवांना." जिना उतरताना वळून म्हणाली, "किती डंपर आनतील? आमच्याकडं तारं जास्ती हाईत."

मग आली नातवाची हळद. वैशाखातली. आणि इथं तिच्या मुलानं ती चूक केली. प्रेमानं केली, म्हणून तर जास्त लागली.

हळद खळ्यातच होती. मुलानं चार दिवस आधी बयला तिच्या बहिणीकडं पाठवलं आणि तिला कळू न देता मांडव घातला. संध्याकाळी तिला आणलं ती डोळ्यांवर हात ठेवून. खळ्याच्या मधोमध उभं केलं आणि हात काढले. वर अख्ख्या खळ्यावर काळं कापड ताणलेलं, आणि त्यात हजारो बारीक निळे दिवे. एक चंद्रकोर. एक तारा तर मधूनमधून पडायचा आणि परत जागेवर जायचा. "तुला तारे आवडतात ना, बय? स्पेशल करून घेतलं," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांत पांढऱ्या शर्टातला बिल्डरही होता, पहिल्या रांगेत. हळद लागली की गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर बयच्या तोंडून होकार घ्यायचा, हे मुलानं ठरवलं होतं, आणि मांडवातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. बयलाही.

बयनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डेकोरेशनवाल्याला बोलावलं.

"यो उजेड निघून किती वर्सां झाली?"

"आजी, आत्ताच बटन दाबलं."

"मंग काढ."

मुलगा हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. बयनं पाट ओढला, त्यावर मांडी घातली आणि पदर सारखा केला. "कापड काडा. त्याबिगर मी धवला म्हननार नाय."

"बय, लावायला चार दिवस लागलेत!"

"काडायला घंटाभर लागंल. मी बसतंय."

मग जी धावाधाव झाली ती विचारू नका. डीजे बंद. आत मटण निवत होतं. नवरा मुलगा उघड्या अंगानं पाटावर, त्याला डास चावत होते. आत्यांनी विनवलं, मामांनी दम भरला, सुनेनं हात जोडले. शेजारच्या गावची एक धवलारीण पाहुणी म्हणून आली होती. मुलानं तिला गाठलं, तुम्ही म्हणा म्हणून. ती बयच्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, "बय बसली हाय तवर मी कशी उटू?" आणि ती बयच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोन म्हाताऱ्या. मीही गेले. मला धवल्यातलं अक्षर येत नाही, पण बसायला काय लागतं?

शेवटी नवरा मुलगाच म्हणाला, "पप्पा, काढा ना. मना पन बयचाच धवला पायजे."

कापड गुंडाळलं गेलं. निळे दिवे विझले आणि वर आपलं साधं, धुळकट पनवेलचं आभाळ उघडं पडलं. तारे म्हणाल तर मोजकेच. पण स्वाती होती, बरोबर डोक्यावर, तांबूस. बयनं तांदूळ हातात घेतले आणि सुरू केलं. गावदेवीला बोलावलं, डोंगरावरच्या देवाला बोलावलं, खाडीला बोलावलं, गेलेल्या सासऱ्याला आणि नवऱ्याला नावानं बोलावलं. आणि मग सूर न मोडता पुढं: स्वातीबाय तू ये, ब्रह्मदेवाच्या हुर्द्या तू ये, रोयनी माजे बयनी तू ये, खला सारवून ठेवलाय, बसायला जागा हाय. मुलगा खांबाला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

हळद लागल्यावर बिल्डर पुढं आला. माणूस गोड बोलणारा. वाकून नमस्कार करून म्हणाला, "आजी, एवढ्या लांबून कोण येणार तुमच्या खळ्यात?"

"ती कवाच निघालीत," बय म्हणाली. "पोचतील. त्याना जागा नुको? तुमी मटन खाऊन जा, बाबा. खला नाय भेटनार."

त्या रात्री होकाराचा विषय परत कुणी काढला नाही. मुलगा मात्र महिनाभर आईशी बोलला नाही, आणि मला म्हणाला की दुसरी खोली बघा. बयनं ते ऐकलं. "खोली माजी हाय," ती म्हणाली, आणि माझं सामान जागेवर राहिलं.

बय गेली ती यंदाच्या चैत्रात, दुपारी, ओट्यावर वाल सोलता सोलता. ना आजार, ना दवाखाना. तेरावं झालं आणि बिल्डरचे फोन सुरू झाले. आता जागा मुलाच्या हातात होती. सून मला हळूच सांगून गेली, मॅडम, बघून ठेवा दुसरीकडं. मी क्लासच्या शिपायाला खोकी आणायला सांगितली. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. पुस्तकं बांधताना सारखं वाटत होतं, एवढी भांडली ही बाई आणि शेवटी खळं जाणारच.

एका संध्याकाळी मी खोकं घेऊन खाली उतरले तर मुलगा खळ्यात उभा. रस्त्यावरचा दिवा लख्ख जळत होता. बय गेल्यापासून त्याला कुणी झाकलंच नव्हतं. तो डोळ्यांवर हात धरून वर बघायचा प्रयत्न करत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "बय गेली ते स्वातीला कवा कलंल?"

तो माझ्याशी नेहमी शहरी बोलायचा. त्या दिवशी त्याच्या तोंडून बयची भाषा आली.

"सदतीस वर्षांनी."

"आन सगल्यात जवलचा कोन? सूर्य सोडून. त्याला तर कललाच असंल."

"मित्र नावाचा तारा. दक्षिणेला असतो, त्या टॉवरच्या मागं. सव्वाचार वर्षं."

"म्हंजे अजून वर कोनालाच ठाव नाय."

"कुणालाच नाही. त्यांच्या लेखी बय आहे."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. नाव बघून त्यानं तो उचलला, आणि पलीकडचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. "हां शेठ, बरोबर हाय... हां, माज्याच नावावर येनार... पन असा हाय, खला बयचा. बयला इचारून सांगतंय."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं ऐकू आलं.

"मना ठाव हाय, शेठ. तरी इचारावा लागंल. सवाचार वर्सां थांबा. आन मित्रानं नाय म्हनला तर ब्रह्महृदयाला इचारू."

फोन खिशात टाकून तो ओट्यावर गेला आणि बांबू घेऊन आला. गोणपाट घडी घालून होतं तिथंच होतं. त्याला ते काही केल्या दिव्यावर चढवता येईना, आकडा सारखा सुटायचा. मी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि बांबूचं दुसरं टोक धरलं.